भोकं मोजणारा माणूस : हर्मन हॉलरिथ

कॉम्प्युटरचा इतिहास म्हटलं की आपल्या पुस्तकांची गाडी एका ठरलेल्या रुळावरून धावते. आधी अबॅकस, मग पास्कल, मग चार्ल्स बॅबेज, आणि पुढच्याच पानावर एकदम खोलीभर पसरलेला एनिॲक. बॅबेज वारला १८७१ मध्ये. एनिॲक लोकांसमोर आला १९४६ मध्ये. मधल्या पाऊणशे वर्षांत जगातल्या रेल्वे चालत होत्या, विमा कंपन्या हप्ते गोळा करत होत्या, गिरण्या पगार वाटत होत्या. त्यांचा हिशेब कोण करत होतं? नुसत्या चोपड्या आणि कारकून? तर नाही. या मधल्या काळावर एकाच माणसाचा ठसा आहे, पण एमआयएसच्या पुस्तकात त्याला जेमतेम दोन ओळी मिळतात. त्याचं नाव हर्मन हॉलरिथ. शिक्षणाने मायनिंग इंजिनीअर, स्वभावाने जमदग्नी!

हर्मनचा जन्म अमेरिकेतल्या बफेलो शहरात २९ फेब्रुवारी १८६० ला झाला. आईवडील जर्मनीहून आलेले. जन्मतारीख बघा, लीप इयरची! १९०० साल १०० ने भागलं जातं पण ४०० ने जात नाही, म्हणून ते लीप वर्ष नव्हतं. म्हणजे १८९६ नंतर याचा वाढदिवस थेट १९०४ मध्ये उगवला. सी लँग्वेजच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी जो प्रोग्रॅम लिहिला आहे, तो या माणसाच्या आयुष्यात खराखुरा चालून गेला.

वडील शिक्षक होते, पण हर्मन सात वर्षांचा असतानाच ते गेले. मुलगा हुशार होता, फक्त एका गोष्टीत साफ आडवा यायचा, ती म्हणजे स्पेलिंग. स्पेलिंगचा तास चुकवण्यासाठी तो शाळेच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून उडी मारून पळाला, अशी गोष्ट सांगतात. शेवटी त्याला शाळेतून काढून घरीच एका धर्मगुरूंच्या हाताखाली शिकवावं लागलं. (इंग्रजी मिडियममधून येऊन मराठी विभागासाठी ऱ्हस्व-दीर्घ सांभाळत लिहिणाऱ्याला या मुलाबद्दल जरा जास्तच जिव्हाळा वाटतो!) पुढे त्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्कूल ऑफ माइन्समधून १८७९ मध्ये डिग्री घेतली. वय वर्षं एकोणीस.

त्याच्या एका प्रोफेसरांना, ट्रोब्रिज यांना, १८८० च्या जनगणनेचं काम मिळालं होतं. त्यांनी या पोराला सोबत वॉशिंग्टनला नेलं. काम काय, तर लोखंड-पोलादाच्या कारखान्यांत वाफेची आणि पाण्याची किती शक्ती वापरली जाते त्याची आकडेवारी जमवणे. मेकॅनिकलवाल्याला शोभेल असंच. पण खरी गंमत बाजूच्या खोल्यांत चालली होती. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे दर दहा वर्षांनी शिरगणती करावीच लागते, कारण त्यावर प्रत्येक राज्याच्या प्रतिनिधींची संख्या ठरते. १८८० मध्ये माणसं मोजली गेली ५ कोटींच्या वर. आणि ही ५ कोटी माणसं हाताने मोजायची! कारकून समोर फॉर्म ठेवून मोठ्या तक्त्यावर रेघा मारायचे. गोरे पुरुष किती, त्यांत परदेशात जन्मलेले किती, त्यांत लिहिता येणारे किती, अशी प्रत्येक नवीन प्रश्नासाठी तीच भेंडोळी पुन्हा पहिल्यापासून उलगडायची. हे काम पुरं व्हायला सात वर्षांहून जास्त लागली. लोकसंख्या तर भराभर वाढत होती. १८९० ची मोजणी १९०० ची सुरू होईपर्यंत संपणारच नाही, अशी वेळ आली होती.

जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचं खातं डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज नावाच्या लष्करी डॉक्टरांकडे होतं. त्यांच्या घरी एका रात्री जेवताना विषय निघाला, की हे असलं मोजायचं काम खरं तर एखाद्या मशीनने करायला हवं. हर्मनचं तेव्हा बिलिंग्ज यांच्या मुलीकडे जाणं-येणं होतं म्हणतात, त्यामुळे जेवणाचं आमंत्रण नेमकं कशाचं होतं हे तुम्हीच ठरवा. ते प्रकरण पुढे गेलं नाही. मशीनचं मात्र गेलं. हर्मनने नंतर बिलिंग्ज यांना यात भागीदार व्हा असं सुचवलं होतं, पण डॉक्टरांना फक्त प्रश्न सुटण्यात रस होता, पैशात नाही. त्यांनी नकार दिला. कल्पना नेमकी कोणाची यावर नंतर बरंच लिहिलं गेलं आहे. माझ्या मते मशीन हवं हे सुचणं ही एक गोष्ट, आणि ते चालतं करून सरकारच्या गळ्यात उतरवणं ही वेगळी. दुसऱ्या गोष्टीला हर्मनची दहा वर्षं गेली.

मधे १८८२ मध्ये तो एमआयटीत मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकवायला गेला आणि वर्षभरात परत आला. तेच तेच धडे दरवर्षी नव्या बॅचला शिकवायचे, हे त्याला झेपणारं नव्हतं. (आमच्या स्टाफने हे वाक्य मनावर घेऊ नये.) मग त्याने थेट वॉशिंग्टनच्या पेटंट ऑफिसमध्ये नोकरी धरली. तीही थोडेच दिवस, पण पेटंट कसं लिहितात, कुठे अडतं, कुठे सुटतं, हे आतून बघून घेतलं आणि १८८४ मध्ये बाहेर पडून स्वतःचा पहिला अर्ज टाकला. मधल्या काळात रेल्वेसाठी विजेवर चालणारे ब्रेकसुद्धा बनवून पाहिले. तिथे वेस्टिंगहाउसच्या एअरब्रेकने बाजी मारली.

पहिल्या अर्जात कार्ड नव्हतंच! कागदाची लांब पट्टी होती, तिच्यावर भोकं पाडायची आणि ती मशीनमधून ओढायची. यातली अडचण डेटा स्ट्रक्चर शिकलेल्या कोणालाही चटकन कळेल. पट्टीवर हजारावं माणूस शोधायचं तर आधीची ९९९ सरकवायला लागतात. कॅसेटवर पाचवं गाणं शोधण्यासारखं. आणि पट्टीवरची माणसं वेगळी काढून नव्या क्रमाने लावता येत नाहीत ते वेगळंच. सॉर्टिंगच अशक्य.

उत्तर सापडलं ते आगगाडीत. त्या काळी अमेरिकेत काही कंडक्टर तिकिटावर प्रवाशाचं वर्णनच पंच करून टाकायचे. केस काळे की सोनेरी, डोळे कसे, नाक मोठं की छोटं. म्हणजे एकाचं तिकीट दुसऱ्याने वापरायला नको. आपल्या एसटीतही कंडक्टरच्या हातात तिकीट पंच करायचा चिमटा असायचा, पण तो भाडं आणि टप्प्यासाठी. प्रवाशाचं नाक मोजायच्या भानगडीत आपला कंडक्टर कधी पडला नाही. हर्मनने हे तिकीट पाहिलं आणि त्याच्या डोक्यात ट्यूब पेटली. प्रत्येक माणसाला एक स्वतंत्र कार्ड. एक माणूस, एक कार्ड, भोकांत लिहिलेलं सगळं वर्णन. कार्डं पत्त्यांसारखी पिसता येतात, वेगळी काढता येतात, पुन्हा एकत्र करता येतात. त्याचा मेव्हणा रेशमाच्या धंद्यात होता, त्यामुळे भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारे जॅकार्डचे मागही त्याच्या कानावर होते. पण मागाचा पुठ्ठा मशीनला काय करायचं ते सांगतो, आणि हर्मनचं कार्ड माणूस कसा आहे ते सांगतं. आजच्या भाषेत एक प्रोग्रॅम आणि दुसरा डेटा. पुस्तकात हे दोन्ही एकाच वाक्यात कोंबतात, म्हणून इथे जरा थांबलो.

पहिली खरी परीक्षा बाल्टिमोर शहरात झाली. १८८६ च्या सुमारास तिथल्या आरोग्य खात्याची मृत्यूंची नोंद त्याने कार्डांवर घेतली. भोकं पाडायला कंडक्टरचाच चिमटा. तो कार्डाच्या कडेपर्यंतच पोचायचा, म्हणून मधली सगळी जागा वाया. आणि रोज शेकडो कार्डं, प्रत्येकावर डझनभर भोकं. हाताचे असे हाल झाले की त्याने पंचिंगसाठी वेगळं यंत्र बनवलं. समोरच्या पाटीवर हवं ते भोक निवडून दांडा दाबायचा, की मागे कार्डावर त्याच जागी भोक पडतं. पुढे ही पंच यंत्रं प्रॅट अँड व्हिटनीने तयार केली. हो, तेच नाव, ज्या नावाची विमानांची इंजिनं आपण आज अभ्यासतो. टॅब्युलेटर वेस्टर्न इलेक्ट्रिकने.

८ जानेवारी १८८९ ला पेटंट मिळाली. त्याच वर्षी जनगणना खात्याने तीन पद्धतींची शर्यत लावली. सेंट लुईस शहराच्या चार भागांतले १८८० चे जुने फॉर्म, माणसं १०,४९१, आणि तिघांनी तेच मोजायचं. बाकीच्या दोघांकडे रंगीत कागद आणि रंगीत चिठ्ठ्या होत्या. माहिती उतरवून घ्यायला हॉलरिथला साधारण साडेबहात्तर तास लागले, दुसऱ्याला जवळपास १११ आणि तिसऱ्याला १४४ हून जास्त. इथे फरक आहे, पण डोळे फाटण्यासारखा नाही. आता पुढचा टप्पा, म्हणजे उतरवलेल्या माहितीची तक्त्यांत मोजणी. त्या दोघांना ४५ आणि ५५ तासांच्या आसपास. हॉलरिथच्या मशीनला ५ तास २८ मिनिटं!

या दोन आकड्यांत मोठी गोष्ट दडलेली आहे. माहिती भरणं हे त्याच्याही पद्धतीत कष्टाचंच होतं, प्रत्येक कार्ड माणसानेच पंच करायचं. फायदा होता तो भरून झाल्यावर. एकदा कार्ड तयार झालं की त्याला कितीही प्रश्न विचारा, प्रत्येक प्रश्नाचा खर्च नाममात्र. आज कुठल्याही कंपनीत ईआरपी बसवताना लोक डेटा एंट्रीच्या नावाने बोटं मोडतात आणि नंतर रिपोर्ट बघून खूश होतात, ते नेमकं हेच.

मशीन चालायचं कसं? वर पिनांचा एक साचा, प्रत्येक पिनेला स्प्रिंग. खाली पाऱ्याने भरलेल्या छोट्या वाट्या. मधे कार्ड ठेवून हँडल दाबायचं. जिथे भोक तिथली पिन आरपार जाऊन पाऱ्यात बुडायची, सर्किट पूर्ण व्हायचं आणि समोरच्या ४० घड्याळांपैकी त्या गोष्टीच्या घड्याळाचा काटा एका घराने सरकायचा. भोक नाही तिथे पिन कार्डाला टेकून परत. सर्किट लागलं की घंटी वाजायची आणि बाजूच्या खोक्यातल्या एका कप्प्याचं झाकण आपोआप उघडायचं, कार्ड त्यात टाकायचं, झाकण बंद. रिले वापरून दोन अटी जोडताही येत. म्हणजे पुरुष आणि परदेशात जन्मलेला आणि शेतकरी, तरच काटा हलवायचा. डिजिटलच्या लॅबमध्ये आपण ब्रेडबोर्डवर जे ॲन्ड गेट लावतो, ते १८९० मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी ऑफिसात माणसं मोजत होतं.

ही मशीनं चालवणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी होती. दिवसभर तेच ते काम. कंटाळा आला की एखादा महाभाग ड्रॉपरने वाटीतला पारा काढून पिकदाणीत टाकायचा, मशीन बंद, मेकॅनिक येईपर्यंत सगळ्यांना सुट्टी, अशी आठवण तिथे काम केलेल्यांकडून आली आहे. लॅबमधला फ्यूज काढून ठेवणाऱ्यांचे पूर्वज!

देशाची एकूण लोकसंख्या काही आठवड्यांतच हाती आली, ६ कोटी २६ लाखांच्या घरात. पेपरवाले आणि पुढारी खवळले. त्यांची अपेक्षा याहून मोठ्या आकड्याची होती, आणि आपला देश लहान निघाला याचा राग मोजणाऱ्यांवर निघाला. सगळे तक्ते आणि ग्रंथ छापून यायला पुढे काही वर्षं गेलीच, पण यावेळी आधीपेक्षा कितीतरी जास्त प्रश्नांची उत्तरं काढली होती. १८९० मध्येच कोलंबियाने याच यंत्रणेवरच्या प्रबंधासाठी त्याला डॉक्टरेट दिली, आणि त्याच वर्षी त्याचं लग्नही झालं, ल्युसिया टॅलकॉट या डॉक्टरांच्या मुलीशी. (वेगळे डॉक्टर.) पुढे सहा मुलं.

आता खरी अडचण. जनगणना दहा वर्षांनी एकदा येते. मधली वर्षं काय करायचं? मशीनं विकलेली नव्हती, भाड्याने दिलेली. काम संपलं की ती घरी परत, म्हणजे भाडं बंद. ऑस्ट्रिया, कॅनडा, नॉर्वे या देशांत त्याची यंत्रं पोचली, रशियाने १८९७ च्या आपल्या पहिल्या मोठ्या शिरगणतीसाठी घेतली. पण देशांची यादी काही अमर्याद नसते. हर्मनला रोज मोजणारं गिऱ्हाईक हवं होतं. आणि रोज मोजणारं त्या काळातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे.

न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेकडे वर्षाला सुमारे ४० लाख वेबिलं जमायची. वेबिल म्हणजे आपल्याकडची बिल्टी. माल कुठून निघाला, कुठे गेला, काय माल, वजन किती, भाडं किती, वाटेत दुसऱ्या कंपनीच्या रुळावरून गेला असेल तर तिचा वाटा किती, हे सगळं त्यावर. ऑडिटरच्या ऑफिसात कारकुनांच्या फौजा हे जुळवत बसायच्या, आणि ताळा लागेपर्यंत तो महिना कधीच मागे गेलेला असायचा. कुठल्या स्टेशनवर धंदा वाढतोय, कुठला माल तोट्यात जातोय, हे साहेबांना कळायचं तेव्हा त्याचा उपयोग संपलेला.

हर्मनने मशीन नेलं आणि पहिला प्रयत्न साफ फसला! कारण जनगणनेचं मशीन फक्त मोजायचं. एक माणूस, अधिक एक. रेल्वेला मोजायचं नव्हतं, बेरीज करायची होती. बिल्टीवर वजन असेल तेवढं मिळवायचं, भाडं असेल तेवढं मिळवायचं. मग तो परत वर्कशॉपमध्ये गेला. बेरीज करणारं यंत्र टॅब्युलेटरला जोडलं. कार्डही बदललं. जनगणनेच्या कार्डावर प्रत्येक भोकाला स्वतःचा वेगळा अर्थ होता. आता कार्डावर उभे कॉलम आले, प्रत्येक कॉलममध्ये शून्य ते नऊ. दोन कॉलम मिळून स्टेशनचा नंबर, पुढचे काही वजनाचे, पुढचे भाड्याचे. फील्ड! आपण डेटाबेसच्या टेबलमध्ये जे फील्ड लिहितो, त्याचा जन्म मालगाडीच्या हिशेबातून झाला. हे नवं मशीन त्याने रेल्वेला पैसे न घेता वापरून बघायला दिलं, आणि १८९६ मध्ये कॉन्ट्रॅक्ट हातात पडलं. त्याच वर्षाच्या शेवटी त्याने टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली.

रेल्वेला मिळालं काय, ते नीट बघा. कार्डांचा एकच गठ्ठा. तो स्टेशनप्रमाणे लावून मशीनमधून काढला की प्रत्येक स्टेशनची कमाई. तोच गठ्ठा मालाप्रमाणे लावला की कोळसा किती, धान्य किती. तोच पुन्हा दुसऱ्या कंपन्यांप्रमाणे लावला की कोणाला किती देणं. माहिती एकदाच लिहायची आणि प्रत्येक खात्याने आपल्याला हवी तशी वापरायची. एसक्यूएलमधलं ग्रुप बाय म्हणजे दुसरं काय आहे? मला विचाराल तर बिझनेसमधल्या इन्फर्मेशन सिस्टीमची सुरुवात जनगणनेपासून न धरता या बिल्ट्यांपासून धरावी. जनगणनेत सरकारने एकदा प्रश्न विचारला, उत्तर घेतलं आणि घरी गेलं. रेल्वेत मात्र उत्तर वेळेवर आलं म्हणून निर्णय बदलू लागले, आणि मग मशीनशिवाय ऑफिस चालेना.

त्यानंतर मोठी दुकानं, पोलाद कारखाने, विमा कंपन्या आल्या. शिकागोचं मार्शल फील्ड हे प्रचंड दुकान आलं. गिऱ्हाइकांबरोबर तक्रारी आल्या आणि तक्रारींबरोबर सुधारणा. कार्ड हाताने एकेक टाकायचं, ते आपोआप सरकू लागलं. सॉर्टर आला. ऑफिसात जागा कमी म्हणून सॉर्टर उभा केला, तर खालच्या कप्प्यातली कार्डं काढताना कारकुनांच्या कमरेचे टाके ढिले व्हायला लागले. १९०६ च्या टॅब्युलेटरला प्लगबोर्ड आला. आधी काम बदललं की मशीनचं वायरिंग सोल्डर करून बदलावं लागायचं, आता टेलिफोन एक्सचेंजसारख्या वायरी इकडच्या तिकडे खोचायच्या. सकाळी पगार, दुपारी स्टॉक, मशीन तेच.

धंद्याचं त्याचं गणित मात्र अगदी आजचं वाटतं. मशीन विकायचं नाही, भाड्याने द्यायचं, आणि कार्डं माझ्याकडूनच घ्यायची. प्रिंटर स्वस्त आणि काट्रिज महाग, हा उद्योग कुठून सुरू झाला ते कळलं ना? कारण सांगायला होतं, खराब कागदाच्या कार्डाने मशीन बिघडतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरा पैसा कार्डांतच होता. गिऱ्हाईक जितकं जास्त मोजणार तितकी जास्त कार्डं खपणार. त्याच्या वारसदार कंपनीने ही सक्ती पुढेही चालू ठेवली, तेव्हा १९३६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती बेकायदा ठरवली.

याच एककल्लीपणाने त्याला सर्वांत मोठा फटकाही दिला. १९०३ मध्ये जनगणना खात्यावर नॉर्थ नावाचे नवे डायरेक्टर आले. त्यांना हॉलरिथचं भाडं अवाच्या सवा वाटलं. तोपर्यंत रेल्वे आणि कंपन्यांना चांगल्या दराने मशीनं मिळत होती, आणि ज्या खात्याने याला उभं केलं त्यालाच जास्त पैसे पडत होते. बोलणी फिसकटली. हॉलरिथने १९०५ मध्ये आपली मशीनं उचलून नेली. त्याला वाटलं, माझ्याशिवाय जाणार कुठे? खात्याने स्वतःचं वर्कशॉप काढलं, जेम्स पॉवर्स नावाचा इंजिनीअर घेतला आणि १९१० ची जनगणना स्वतःच्या यंत्रांवर मोजून दाखवली. हॉलरिथ कोर्टात गेला आणि हरला. पॉवर्सने तर १९११ मध्ये स्वतःची कंपनीच काढली. त्याच्या मशीनला छापता येत होतं! हॉलरिथच्या टॅब्युलेटरचे आकडे अजून कारकून डायलवरून बघून कागदावर उतरवत होते.

नॉर्थ यांची बाजू मला पटते. लोकांच्या पैशाने वाढलेल्या यंत्राचं भाडं लोकांनाच जड व्हावं, हे बरोबर नाही. पण हॉलरिथच्या जागी उभं राहिलं तर तेही कळतं. वीस वर्षं ज्याने एकट्याने ही पद्धत रेटली, त्याला ती आपल्या घरासारखीच वाटणार. गिऱ्हाइकाने मशीनला परस्पर हात लावला तरी त्याचं डोकं फिरायचं.

१९११ मध्ये तब्येत कुरकुरू लागली, हृदयाचा त्रास, डॉक्टरांनी काम कमी करायला सांगितलं. चार्ल्स फ्लिंट नावाचा कंपन्या जोडण्यात पटाईत असलेला व्यापारी होता. त्याने वजनकाटे बनवणारी कंपनी, कामगारांच्या हजेरीची घड्याळं बनवणारी कंपनी आणि हॉलरिथची कंपनी अशा तिघींची मोट बांधली. वरवर बघता खिचडीच. पण तिन्ही ठिकाणी कशाचा तरी आकडा आपोआप नोंदला जातो, हे धाग्यासारखं होतं. हॉलरिथला जवळपास १२ लाख डॉलर मिळाले, आणि दहा वर्षं वर्षाला २० हजार डॉलरवर सल्लागारपद. १९१४ मध्ये या कंपनीत थॉमस वॉटसन आला. त्याने विक्रीवाल्यांची फौज उभी केली, छापणारा टॅब्युलेटर आणला, आणि १९२४ मध्ये कंपनीचं नाव बदललं. इंटरनॅशनल बिझनेस मशिन्स. म्हणजे आयबीएम.

हॉलरिथला यात फार राम उरला नव्हता. १९२१ नंतर तो मेरीलँडच्या आपल्या शेतावर रमला. चांगलं खाणं, सिगार, होड्या आणि गर्न्सी जातीच्या दुभत्या गाई. १७ नोव्हेंबर १९२९ ला वॉशिंग्टनमध्ये हृदयविकाराने तो गेला. पेपरांत तेव्हा शेअर बाजाराच्या पडझडीच्याच बातम्या होत्या.

त्याच्या माघारी कार्डांनी बरंच काही पाहिलं. १९२८ मध्ये आयबीएमने ८० कॉलमचं कार्ड आणलं होतं, आणि १९३५ मध्ये अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा आल्यावर कोट्यवधी कामगारांची खाती याच कार्डांवर गेली. मंदीतही आयबीएम तगली ती यामुळे. दुसरीकडे जर्मनीत त्याच्या नावाची कंपनी १९१० पासून होती. हिटलर आल्यावर १९३३ आणि १९३९ च्या जनगणना याच यंत्रांवर मोजल्या गेल्या, आणि १९३९ च्या नोंदीत प्रत्येकाचे आजी-आजोबा ज्यू होते का, हेही विचारलेलं होतं. बफेलोत जन्मलेल्या जर्मन मास्तराच्या मुलाने तिकिटावरचं नाक पाहून केलेली युक्ती पुन्हा माणसांची नाकं मोजायला वापरली गेली. हॉलरिथ तोवर हयात नव्हता, त्याला दोष देता येत नाही. पण एक कार्ड म्हणजे एक माणूस, आणि हवी ती कार्डं वेगळी काढता येतात, ही सोय बिल्टीला आणि माणसाला सारखीच लागू पडते, एवढं खरं.

८० कॉलममध्ये सगळं बसवायचं म्हणून वर्षाचे चार आकडे लिहिण्याऐवजी दोनच लिहायची सवय लागली. कार्डं गेली, सवय राहिली, आणि शतक संपताना वायटूकेच्या रूपाने सगळ्या जगाच्या मानगुटीवर बसली. ते निस्तरण्याच्या कामावर आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपन्या वाढल्या. टीसीएसचंही तसंच. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या कामांत टिस्कोसाठी पंच कार्डांचं काम होतं.

अजून एक धागा पुण्यापर्यंत येतो. इंग्लंडमध्ये हॉलरिथची यंत्रं विकणारी कंपनी आणि पॉवर्सची यंत्रं विकणारी कंपनी कित्येक वर्षं एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. १९५९ मध्ये दोघींचं लग्न लागलं! त्यातून पुढे १९६८ मध्ये आयसीएल झाली. तिचीच भारतातली कंपनी म्हणजे पुण्याची आयसीआयएम, आणि तिचं २००० मध्ये झालेलं नाव झेनसार. खराडीच्या कँपसमध्ये आपल्यातले काही जण इंटरव्ह्यू देऊन आलेही असतील.